सोडलेली वांगी

मार्गशीर्ष उजाडला, की बुलढाण्याच्या बाजारात वांग्यांचे ढीग दिसू लागतात. हिरवी, जांभळी, पांढऱ्या रेघांची, काटेरी देठांची. घाटाखालून पहिल्या मोटारीच्या टपावर टोपल्या चढतात आणि आठ वाजेपर्यंत इथल्या थंडीत येऊन पोचतात. देठांवर अजून दव असतं. मी पिशवी घेऊन निघालो की बायको दारातूनच ओरडते, "आज वांगी नकोत हं, घरात कालची पडलीत." मी हो म्हणतो आणि वांगी घेऊन येतो. आई असती तर तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसता.

कारण वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी वांग्याला तोंड लावलं नव्हतं. का, ते विचारू नका. ते शिजून गिळगिळीत होतं, त्याच्या बिया दातांत येतात, रंग मळका दिसतो, अशी कारणं मी देत असे. पण खरं कारण एवढंच, की लहानपणी एकदा मी ताट सरकवलं आणि कुणी ते पुन्हा पुढे ढकललं नाही. वडील कोर्टात कारकून. घरी रोज गव्हाची पोळी, साधं वरण आणि बटाटा. भाकरी घशात टोचते म्हणून नको, अंबाडी आंबट म्हणून नको, करडईच्या तेलाला वास येतो म्हणून नको. वडील म्हणायचे, "नावडतीचं मीठ अळणी असतं. या पोराला सगळाच स्वयंपाक नावडतीचा." आई मात्र गुपचूप बटाट्याच्या काचऱ्या करून द्यायची. असा मी, 'खाईन तर तुपाशी' या बाण्याचा मास्तर, नेमणुकीचा कागद घेऊन भाद्रपदात घाट उतरलो.

गाव जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळेच्या भिंतीवर नकाशा मात्र जुन्या राज्याचाच होता, आणि मी रोज छडी फिरवून मुलांना सांगायचो, की हे एवढं आपलं, तेवढं आता आपलं नाही. शाळेच्या मागे एक खोली, तीच माझं बिऱ्हाड. खानावळ नव्हती. पहिल्याच दिवशी पोलीस पाटलांनी चार माणसं बसवली आणि म्हणाले, "मास्तर चूल फुकत बसले तं लेकरं कोन शिकवंन?" त्यांनी सात घरं ठरवली. सात वार, सात घरं. सोमवारी पाटलांकडे, मंगळवारी सुताराकडे, असं करत माझं पोट त्यांनी गावात वाटून टाकलं. मला कुणी काही विचारलं नाही. काय खाता, काय खात नाही, हा प्रश्न त्या गावात कुणाला सुचतच नव्हता.

आता आठवतं तेव्हा हसू येतं, पण पहिले पंधरा दिवस मी अर्धपोटी काढले. सोमवारची अंबाडीची भाजी. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. पाटीलकाकू भाजीच्या मधोमध बोटाने खड्डा करायच्या आणि त्यात करडईचं कच्चं तेल ओतायच्या, तो काठोकाठ भरेपर्यंत. मला आंबटाने शहारे यायचे आणि तेलाच्या वासाने डोळ्यांत पाणी. मग एकदा मला हिवताप आला. चार दिवस तोंडाला चव नव्हती, पाणीसुद्धा कडू लागे. पाचव्या दिवशी, सोमवारी, भिंतीला धरत धरत पाटलांकडे गेलो आणि त्या अंबाडीचा पहिला घास जिभेवर आला. तोंडाला चव आली म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं. दुसऱ्यांदा मागून घेतली. अजूनही आजारातून उठलो, की मला अंबाडी लागते, आणि ते तेलही लागतं, कच्चंच. भाकरीचं तर काय सांगू? ती कधी आवडायला लागली ते कळलंही नाही. एके दिवशी बुलढाण्याला घरी आलो, आईची मऊ पोळी खाल्ली आणि काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं.

पण वांगं तसं सरळ आलं नाही. वांग्याने माझी परीक्षा घेतली.

गुरुवार महादूभाऊंच्या घरी. ते मळेवाले. विहिरीखाली चार बिघे भाजी, त्यात निम्मी वांगी. महादूभाऊ सडसडीत, कमी बोलणारे. घर चालायचं ते सोनाकाकींच्या बोलण्यावर. चाळिशीची बाई, कपाळावर मोठं गोंदण, बोलणं खणखणीत. पहिल्या गुरुवारी त्यांनी मला ओसरीवर पाट मांडून बसवलं, पितळी तांब्या भरून ठेवला, आणि ताटात भरली वांगी वाढली. चार मोठी वांगी, तेलात निथळलेली. आवडत नाही म्हणावं, तर जी माणसं वांगी पिकवतात त्यांच्याच तोंडावर कसं म्हणायचं? तेवढ्यात मला आमच्या बुलढाण्याच्या शेजारणीची आठवण झाली. चातुर्मासापासून थेट चंपाषष्ठीच्या भरतापर्यंत तिने वांगी सोडलेली असायची.

"काकी, वांगी मी सोडली आहेत," मी म्हणालो.

काकींचा हात थांबला. "चातुर्मासाची? कवापर्यंत सोडेल हाये मास्तर?"

"चंपाषष्ठीपर्यंत."

चंपाषष्ठी तेव्हा अडीच-तीन महिने लांब होती. तोवर बदली होईल, गाव बुडेल, काहीतरी होईल, असं मला वाटलं असावं. काकींनी मात्र ताट उचललं, आत नेलं, आणि दुसरं स्वच्छ घासलेलं ताट आणलं. त्यात दाळ होती. "पयलेच सांगाचं ना जी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या ताटाले इटाळ झाला असता." त्या आवाजात आदर होता, आणि खरं सांगतो, तो मला फार गोड लागला.

पुढचे गुरुवार म्हणजे चैन होती. कधी कोवळी गवार, कधी भेंडी, कधी कढीगोळे. आमच्याकडे टमाट्यांना भेद्रं म्हणतात, त्या भेद्र्यांची चटणी. माझ्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी. गुरुवारी त्या घरात वांगं शिजतच नसे. गावात बोलबाला झाला, की नवे मास्तर तरणे असून सोडलेलं पाळतात. म्हातारी माणसं मला रस्त्यात रामराम घालू लागली. मुलांचे बाप शाळेत येऊन म्हणायचे, "तुमच्या हाताखाली आमचं पोरगं सुधरंन." मीही मग जरा गंभीर चेहरा करून चालायला लागलो. नाव मोठं, लक्षण खोटं. पण त्या वयात नाव मोठं असलं की लक्षणाकडे कोण बघतो!

आणि तो हंगाम काय सुंदर होता! आश्विन सरला, कार्तिकाची थंडी सातपुड्यावरून उतरायला लागली. सकाळी शाळेत निघालो की तुरीच्या पिवळ्या फुलांवरून ऊन सरकत यायचं. ज्वारी निसवली होती, माचाणावरून गोफणीचे आवाज यायचे, पाखरांचे थवे एका शेतातून उठून दुसऱ्यात बसायचे. बाया कापूस वेचून परतायच्या तेव्हा त्यांच्या केसांत, लुगड्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. संध्याकाळी प्रत्येक घरातून धूर, आणि धुरातून लसणाचा वास. मी वही घेऊन नदीच्या काठावर बसायचो, आणि मला वाटायचं, की आपण किती सुखी आहोत.

अशाच एका रविवारी, कार्तिक संपता संपता, मी फिरत फिरत महादूभाऊंच्या मळ्यावर गेलो. रविवारचं माझं जेवण दुसऱ्या घरी होऊन गेलं होतं. मळ्यात तोडणी चालली होती. दुसऱ्या दिवशी बाजार. विहिरीजवळ टोपल्या मांडल्या होत्या, गवारीची, भेंडीची, कोबीची, चांगला चांगला माल वर रचून, ओल्या फडक्याने झाकून. दुपारची सुट्टी झाली होती आणि सगळे बाभळीच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसले होते. महादूभाऊंच्या आणि दोन मजूर बायांच्या भाकरीवर वांग्याची रस्सेदार भाजी होती. सोनाकाकींच्या भाकरीवर ठेचा होता. नुसता मिरचीचा ठेचा, आणि बाजूला कांदा.

मी सहज विचारलं, "काकी, तुम्ही भाजी नाही घेतली?"

काकी घास चावत होत्या. उत्तर महादूभाऊंनी दिलं. "तिनं बी सोडेल हायेत ना मास्तर. तुमच्यासंगं."

"माझ्याबरोबर?"

"हाव. तुम्ही पयल्या गुरुवारी सांगतलं ना, त्याच दिवसापासून. म्हने, घरी जेवनारा मानूस सोडते अन् आपुन कसे खाऊ."

"अर्धा चातुर्मास त अर्धा," काकी हसत म्हणाल्या. "माह्यं तेवढंच पुन्य."

मला वाटलं, दुसरी कुठली तरी भाजी खात असतील. तेही मी विचारलं. त्यावर एक मजूर बाई हसली. ती म्हणाली, "मास्तर, मळेवाल्याच्या घरी भाजी खायाले मिळते का? चांगली सारी बाजारात जाते. घरी फक्त किडके वांगे राह्यतात." म्हणजे गुरुवारची ती कोवळी गवार, ती भेंडी, बाजाराच्या टोपल्यांतून माझ्यासाठी काढलेली होती. आणि घरच्या हक्काची एकच भाजी होती, वांगी. ती या बाईने अडीच महिने सोडली होती. दिवसभर वाकून तीच वांगी तोडायची, काट्यांनी बोटं सोलून घ्यायची, आणि ठेच्याशी भाकरी खायची. माझ्यासंगं.

पाणी प्यालो, आणि निघून आलो.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला वाईट आठवडा. सांगावं, तर तिचे एवढे दिवस वाया गेले म्हणून सांगायचं. एका पोराच्या जिभेच्या चोचल्यांसाठी ती उपाशी राबली, असा त्याचा अर्थ. न सांगावं, तर चंपाषष्ठीला तिच्या शेजारी बसून देवाला नैवेद्य दाखवायचा आणि पारणं करायचं, तोंड वर करून. गुरुवारी त्यांनी पडवळाची भाजी केली होती. मी ती ताटात नुसती सारत राहिलो. "बरं नाही का जी?" काकी म्हणाल्या, आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्या हाताचा खरखरीतपणा मला अजून जाणवतो.

आज माझी धाकटी मुलगी वांगं बाजूला सारते. बायको रागावते. मी काही म्हणत नाही. जिभेवर जबरदस्ती करून काही होत नाही, हे मला माहीत आहे. मी तिला एवढंच सांगितलं आहे, की आवडत नाही तर आवडत नाही म्हण. पोट दुखतंय म्हणू नको. ती मला विचारते, "बाबा, तुम्हाला कशी आवडायला लागली?" आणि मी सांगायला लागतो, आणि मधेच थांबतो, कारण चंपाषष्ठीच्या दिवसापाशी आलो की अजून माझा आवाज नीट राहत नाही.

चंपाषष्ठीला मळ्यावर भरीत-रोडगा. आमच्याकडे तो पुरुषांचा आणि बायांचा मिळून स्वयंपाक. महादूभाऊंनी कणकेचे जाड रोडगे गोवऱ्यांच्या आरात पुरले होते. बांधाकडेला तुराट्यांचा जाळ केला होता आणि त्यात वांगी भाजत होती, टोपलंभर, आणि आज चांगल्यातली चांगली. पंचवीसेक माणसं जमली होती. पाटील मला म्हणाले, "मास्तर, पयला घास तुमचा. तुमच्या अन् सोनाच्या पारन्याशिवाय कोनी हात लावनार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकी जाळाजवळ बसून भाजलेली वांगी सोलत होत्या. एक वांगं उचलायचं, काळं साल झटक्यात ओढायचं, पोळलेली बोटं पाण्याच्या वाटीत बुडवायची. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. धुराने डोळे चुरचुरत होते, ते एका अर्थी बरंच झालं.

"काकी, माझं व्रत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी काही सोडलं नव्हतं. मला वांगं आवडत नाही. तुम्हाला कसं सांगू म्हणून खोटं बोललो."

त्यांच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. साल अर्धवट लोंबत होतं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत.

"अन् मी?" त्या म्हणाल्या. "मी कायले सोडले मंग?"

"तुमचं खरं होतं, काकी. माझं खोटं होतं."

"ते मले नका शिकवू," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "इतक्या गुरुवारी तुमच्याकरता पळी येगळी घासली म्या." मग खाली मान घालून पुन्हा सोलायला लागल्या, आणि बराच वेळ बोटं पाण्यात बुडवायला विसरल्या.

गावाला त्यांनी काही सांगितलं नाही. नैवेद्य झाला, पंगत बसली. काकींनी माझ्या पत्रावळीवर भरताचा एवढासा ठिपका ठेवला, बोराएवढा, आणि पुढे गेल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी रोडगा मोडला, ते भरीत लावलं आणि तोंडात घातलं.

कसं सांगू! आधी धूर आला. तुराटीचा, कोरडा, गोडसर. मग हिरवी मिरची, मग कांद्याची पात दाताखाली करकरली, लसूण, वरून तेच करडईचं तेल, आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी मऊ, लोण्यासारखं, जे मी बावीस वर्षं बाजूला सारत आलो होतो. मी किती मूर्ख होतो, हे मला त्या एका घासात कळलं. पण आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं. मी भरीत मागितलं. काकी जवळच होत्या, पण त्यांनी महादूभाऊंना खूण केली आणि त्यांनी वाढलं. मी पोटभर जेवलो, आणि उठताना मला कळलं, की या घरचा माझा गुरुवार आता गेला.

पुढचे पाच दिवस जेवणावर माझं लक्ष नव्हतं. बुधवारच्या घरची बाई म्हणाली, "मास्तर, तुमचं ध्यान कुठं हाये?" गुरुवारी शाळा सुटली तेव्हा मी खोलीत बसून राहिलो. जावं की न जावं? न गेलो तर गाव विचारणार. गेलो आणि ओसरीवर पाट मांडलेला नसला तर? शेवटी ज्या तोंडाने खोटं बोललो त्याच तोंडाने उपाशी परत येऊ, असं ठरवून निघालो.

ओसरीवर पाट नव्हता. तांब्याही नव्हता.

मी उंबऱ्याबाहेर उभा. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "काकी," मी म्हणालो, "मी आलोय."

थापणं थांबलं नाही. "गुरुवारचे पाहुने होते ते गेले," आतून आवाज आला. "लबाड होते. त्यायचा वार मी बंद केला."

मी मागे वळलो. पायरी उतरणार तोच पुन्हा आवाज आला, या वेळी जरा चढा.

"तुम्ही काऊन उभे हाये तिथं? आत या, चुलीपाशी. पाट भितीले टेकवेल हाये, आपल्या हातानं घ्या. पानी माठात हाये."

मी आत गेलो. तोवर त्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. पाट घेतला, पाणी घेतलं, महादूभाऊंच्या शेजारी बसलो. ते थोडे सरकले. चुलीवर एकच पातेलं होतं आणि त्यात एकच पळी. कीड कापून काढलेल्या, वेड्यावाकड्या फोडींची वांग्याची भाजी. काकींनी ती पळीभर महादूभाऊंना वाढली, पळीभर मला, पळीभर स्वतःला. घेता का, चालेल का, असं काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तव्यावरची भाकरी उलटली, आणि फुगलेली माझ्या ताटात टाकली.